प्रीअँपमध्ये ट्रान्झिस्टर किती? मी तीनवर थांबलो

घरी प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) बनवतोय म्हणलं की समोरचा पहिल्यांदा हेच विचारतो, "ट्रान्झिस्टर कुठला टाकलास?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. बीसी५४७ टाका, ५४९ टाका, नाहीतर जुन्या रेडिओतला बीसी१४८ उपसून लावा, फरक पडतो, नाही असं नाही, पण तो नंतरचा. आधी ठरवायचं ते सर्किट. आणि त्यात माझी एकच अट होती, सर्किटमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवून "हा इथं कशासाठी आहे" हे मला सांगता आलं पाहिजे, आणि तो काढला तर नक्की काय बिघडेल हे पण. ह्या अटीत बरीच भारीतली सर्किटं गळाली आणि काही साधी पण गळाली.

मुळात प्रीअँप लागतो का हे आधी बघा. मोबाईल, लॅपटॉप, ब्लूटूथचा रिसीव्हर, सीडी प्लेअर, यातल्या कशालाही गेन (सिग्नल जितक्या पट मोठा होतो ते) लागत नाही. सीडी प्लेअर फुल लेव्हलला २ व्होल्ट देतो आणि बहुतेक पॉवर अँप १ व्होल्टच्या आत-बाहेर पूर्ण उघडतात, म्हणजे तिथं उलट आवाज कमीच करायचाय. एक चांगला १० केचा (के म्हणजे हजार ओम) लॉग पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचा कंट्रोल, लावा आणि शांत बसा. वायर लांबची असेल तर फार तर पॉटच्या पुढं एक एमिटर फॉलोअर (सिग्नल मोठा न करता पुढचा लोड पेलणारा ट्रान्झिस्टर). लोक तिथं पण दहा-वीस पटीचा प्रीअँप लावतात आणि मग व्हॉल्यूम आठ वाजण्याच्या पुढं नेता येत नाही म्हणून वैतागतात.

माझं घोडं अडलं होतं टर्नटेबलपाशी. ओळखीतून सेकंडहँड मिळालेला, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग) असलेला. अशा कार्ट्रिजमधून १ किलोहर्ट्झला साधारण ५ मिलिव्होल्ट येतात, बास. त्याला लोड ४७ केचा पाहिजे, वर शंभर-दोनशे पीएफ, म्हणजे पिकोफॅरड, कपॅसिटन्स (यातला बराचसा वायरमधूनच येतो). आणि नुसतं मोठं करून भागत नाही. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबलेला असतो आणि ट्रेबल मुद्दाम चढवलेली असते, नाहीतर बेसच्या चरी इतक्या रुंद होतील की एका बाजूला दोन गाणी मावायची नाहीत, आणि ट्रेबल खरखरीत बुडून जाईल. ऐकताना ते उलटं करायचं. १९५४ पासून त्याचा ठरलेला कर्व्ह आहे, आरआयएए, टाइम कॉन्स्टंट तीन, ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डीबी (म्हणजे दहा पट) वर आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच खाली. म्हणजे एका टोकाला ५ मिलिव्होल्ट आणि ४७ के, दुसऱ्या टोकाला माझा पॉवर अँप ज्याला अर्धा व्होल्ट मिळाला तरी खोली भरते, आणि मधे हा कर्व्ह. सर्किट या दोन टोकांत बसलं पाहिजे, मग ते कितीही गाजलेलं असो.

सल्ले दोन मिळाले. एक मित्र मंडळांना डॉल्बी लावतो (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी, डॉल्बी म्हणजे आमच्याकडं गणपतीत ट्रॅक्टरवर लावतात ती बॉक्सची भिंत). तो म्हणाला, "कशाला डोस्कं लावालायस भावा, आयसीचा तयार बोर्ड मिळतोय की, बसव आणि मोकळा हो." दुसरे रेडिओ दुरुस्तीवाले काका, त्यांनी जर्मेनियमचा जमाना बघितलेला. ते म्हणाले, "बाळ, दोन ट्रान्झिस्टर पुरे. त्या काळात दोनच असायचे, वाजत नव्हते काय?" दोघं पण आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि शेवटी माझं सर्किट काकांच्या बाजूला झुकलं, पण का ते सांगायला जरा मागून यायला लागेल.

सगळ्यात साधं म्हणजे एकच ट्रान्झिस्टर, कॉमन एमिटर. डिप्लोमा केलेल्या प्रत्येकानं हे सर्किट लॅबमध्ये जोडलंय. दोन रेझिस्टन्सचा डिव्हायडर, कलेक्टरला एक, एमिटरला एक आणि त्याच्यावर कंडेन्सर, मग फ्रिक्वेन्सी बदलत बदलत रीडिंग आणि सेमीलॉग पेपरवर तो टोपीसारखा ग्राफ. जर्नलमध्ये सही झाली की विषय संपला. त्या जर्नलमध्ये डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार बिघडणं) नावाचा कॉलमच नसतो, तिथं खरी गंमत आहे.

हिशोब करून बघा. ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटर रेझिस्टन्स म्हणजे २६ भागिले मिलिअँपमधला करंट. १ मिलिअँपला २६ ओम. कलेक्टरला ४.७ के असेल आणि एमिटर पूर्ण बायपास असेल तर गेन १८० च्या आसपास, ऐकायला झकास. पण ट्रान्झिस्टरचा बेस-व्होल्टेज-ते-करंट हा संबंध सरळ रेषेत नाही, एक्सपोनेन्शियल आहे, आणि त्यातून ढोबळ नियम असा निघतो की फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागं उलटा देणं) नसताना बेसवरच्या दर १ मिलिव्होल्ट पीकला साधारण १ टक्का सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ. आमचं कार्ट्रिज ५ मिलिव्होल्ट आरएमएस, म्हणजे ७ मिलिव्होल्ट पीक, म्हणजे ७ टक्के. आणि हे नॉर्मल लेव्हलला, मोठ्या जागांना त्याच्या बऱ्याच वर जातं. कोणी म्हणेल सेकंड हार्मोनिक कानाला गोड लागतं. ७ टक्के गोड नसतं हो, तंबोऱ्याची जोडी जरा उतरल्यासारखी वाटते. त्यात इनपुट इंपिडन्स (सोर्सला दिसणारा रेझिस्टन्स) बघा, ५०० करंट गेनचा ट्रान्झिस्टर असला तरी ५०० गुणिले २६, १३ के. पाहिजे ४७. इथंच हे सर्किट संपलं. एमिटरचा कंडेन्सर काढून लोकल फीडबॅक दिला की दोन्ही सुधारतं पण गेन जातो, मग अजून एक स्टेज, मग त्या दोन्हीमधे कर्व्हसाठी पॅसिव्ह आरसी, आणि पहिल्या स्टेजला ट्रेबल न कापलेली पूर्ण झेलायला लागते. होतं सगळं, लोक करतात. पण दोन ट्रान्झिस्टर लागणारच असतील तर त्यांना एकमेकांशी बोलू तरी द्या.

जेफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा मोह मला पण झाला. लॅबमधला बीएफडब्ल्यू१० सगळ्यांना आठवत असेल, चार पायांचा धातूच्या टोपीचा. जेफेटला गेट करंट जवळजवळ नाही, इनपुट इंपिडन्स लावू तेवढा, गिटारच्या पिकअपला किंवा जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला, ज्याला मेगओमच्या आसपास लोड लागतो, त्याला एक नंबर. पण त्याच नंबरच्या दोन जेफेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. बीएफडब्ल्यू१० चा सॅच्युरेशन करंट डेटाशीटमध्येच ८ ते २० मिलिअँप दिलाय. स्टिरिओला दोन चॅनल सारखे पाहिजेत म्हणजे मूठभर आणून मोजत बसायचं. आणि ज्याचं सगळीकडं नाव निघतं तो २एसके१७० तोशिबानं कधीच बंद केलाय, आता त्या नावानं जे मिळतं त्यात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलला अनोळखी पार्ट लावायची माझी तयारी नव्हती.

आता मित्राचा आयसी. प्रामाणिकपणे सांगतो, एनई५५३२ कागदावर माझ्या सर्किटपेक्षा चांगला आहे. एका आठ पायांच्या आयसीत दोन ऑपअँप (तयार, भरपूर गेनचे अँप्लिफायर), नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, डिस्टॉर्शन इतकं कमी की घरी मोजता येणार नाही. ज्याला रेकॉर्ड ऐकायच्यात त्यानं तोच लावावा, आणि आयसी म्हणजे बेचव असं जे म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण ज्या रेकॉर्ड आपण ऐकतो त्यातल्या ८० नंतरच्या कितीतरी स्टुडिओत याच आयसीमधून गेलेल्या असतात. मी तो घेतला नाही त्याचं कारण वेगळं. आयसीच्या आत मीटरची पिन घालता येत नाही. मला ऐकायचं पण होतं आणि समजून पण घ्यायचं होतं. मग त्याचाच मोठा भाऊ, सुट्ट्या ट्रान्झिस्टरचा ऑपअँप? पुढं डिफरन्शियल पेअर, त्याच्या खाली करंट सोर्स, वर करंट मिरर, मग व्होल्टेज अँप, मग आउटपुट, एका चॅनलला आठ-नऊ ट्रान्झिस्टर, प्लस-मायनस सप्लाय. हे मी एलटीस्पाइसमध्ये (कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) काढून बघितलं, आकडे नाद खुळा येतात. पण माझी ती बोट दाखवायची अट लावली की निम्मे ट्रान्झिस्टर दुसऱ्या ट्रान्झिस्टरची उणीव झाकायला आलेले दिसतात. पॉवर अँपमध्ये ते योग्यच आहे. ५ मिलिव्होल्टचे तीनशे करायला मला ते जड वाटलं, शिवाय जनरल पर्पज बोर्डवर एवढी गर्दी जोडली की ते रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपलं आपण गायला लागतं आणि ते बघायला आपल्याकडं चांगला स्कोप नाही.

तर राहिली काकांची जोडी. दोन ट्रान्झिस्टरची डायरेक्ट कपल्ड फीडबॅक पेअर. साठ-सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओंच्या फोनो स्टेजमध्ये जिकडं तिकडं हेच असायचं, आणि त्या लोकांनी ते नुसतं पैसे वाचवायला केलं असं समजू नका, फार हुशार सर्किट आहे.

रचना अशी. पहिला ट्रान्झिस्टर कॉमन एमिटर, त्याचा कलेक्टर सरळ दुसऱ्याच्या बेसला, मधे कंडेन्सर नाही. दुसरा पण कॉमन एमिटर. आता पहिल्याच्या बेसला बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा डीसी) कुठून? सप्लायमधून नाही, दुसऱ्याच्या एमिटरवरून, एका रेझिस्टन्समधून. यातच सगळी मजा आहे. समजा तापमान वाढलं आणि पहिला जास्त करंट ओढायला लागला, की त्याचा कलेक्टर खाली येतो, त्याच्याबरोबर दुसऱ्याचा बेस आणि एमिटर खाली, आणि त्या एमिटरवरूनच पहिल्याला बायस मिळत असल्यामुळं तो पण आवरता घेतो. आपोआप. बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला २ मिलिव्होल्टनं उतरतं, म्हणजे माझ्या पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत जानेवारीची सकाळ आणि मेमधली दुपार यात १५ डिग्री धरले तर ३० मिलिव्होल्ट. माझ्या किमतींनी त्याचा परिणाम दुसऱ्याच्या कलेक्टरवर साधारण अर्धा व्होल्ट होतो. चोवीसच्या सप्लायवर अर्धा व्होल्ट इकडं-तिकडं, कोण विचारतंय.

आणि दुसरी मजा. दुसऱ्याच्या एमिटरला मोठा बायपास कंडेन्सर असतो, म्हणजे आवाजाच्या दृष्टीनं तो बिंदू ग्राउंडच. मग तिथून पहिल्याच्या बेसला येणारा बायसचा रेझिस्टन्स हाच कार्ट्रिजचा लोड होतो. त्याला ४७ के ठेवला की झालं, बायस पण तोच, लोड पण तोच. फीडबॅकमुळं पहिल्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा इनपुट इंपिडन्स खूप वर गेलेला असतो, तो मधे लुडबुडत नाही. एका रेझिस्टन्सकडून दोन कामं काढलेली बघितली की मला लई बरं वाटतं.

आता पहिल्यातून करंट किती न्यायचा, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सवयीनं आपण १ मिलिअँप धरतो. पण कार्ट्रिज म्हणजे नुसता रेझिस्टन्स नाही, आत कॉइल आहे, अर्ध्या हेन्रीच्या आसपास. १० किलोहर्ट्झला अर्ध्या हेन्रीचा रिॲक्टन्स ३१ के होतो. ट्रान्झिस्टरच्या बेस करंटला स्वतःचा एक नॉइज असतो आणि तो या ३१ केमधून वाहिला की व्होल्टेज होऊन आपल्यालाच ऐकू येतो, नेमका ट्रेबलमध्ये, जिथं 'सूं' सगळ्यात जास्त टोचतं. १ मिलिअँप आणि ५०० गेनला हा आकडा २५ नॅनोव्होल्टवर जातो, १०० मायक्रोअँपवर आणला की ८. करंट कमी केल्यावर ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज नॉइज थोडा वाढतो, दीड नॅनोव्होल्ट होतो, पण ते कोपऱ्यातलं चिल्लर. म्हणून पहिला १०० मायक्रोअँपवर. मायक्रोफोनसाठी बनवत असाल तर हे जसंच्या तसं उचलू नका, तिथं सोर्स दोनशे ओमचा, गणित उलटं फिरतं आणि करंट जास्त लागतो. सर्किट टोकं बघून निवडायचं म्हणतो ते यासाठी.

बरं मग काकांच्या दोनमध्ये मी तिसरा का घातला? कर्व्हमुळं. आरआयएएचं नेटवर्क दुसऱ्याच्या कलेक्टरवरून पहिल्याच्या एमिटरला फीडबॅकमध्ये बसतं. दोन कंडेन्सरचं नेटवर्क, फ्रिक्वेन्सी वाढेल तसा त्याचा इंपिडन्स उतरत जातो, माझ्या किमतींना २० किलोहर्ट्झला साडेतीन-चार के. आणि दुसऱ्याच्या कलेक्टरला १० केचा रेझिस्टन्स. म्हणजे वरच्या पट्टीत बिचारा आपल्याच फीडबॅकला चालवता चालवता दमतो, गेन पडतो, डिस्टॉर्शन वाढतं, आणि त्यात पुढं लांब वायर लागली की संपलंच. जुने लोक नेटवर्कच्या किमती वाढवून वेळ मारून न्यायचे पण मग नॉइज वाढतो. त्यापेक्षा कलेक्टरला डायरेक्ट एक एमिटर फॉलोअर जोडायचा आणि फीडबॅक पण तिथूनच घ्यायचा, आउटपुट पण तिथूनच. कलेक्टरला आता फक्त त्याचा बेस चालवायचाय, जवळजवळ काहीच लोड नाही. दोन-चार रुपयांच्या एका ट्रान्झिस्टरमध्ये जोडीची सगळ्यात मोठी दुखरी नस मिटली. काकांना दाखवलं तर म्हणाले, "हा तिसरा कशाला रे?" मी सांगितलं. "मग असू दे की," म्हणाले. चौथा कोणी सुचवला तर मला पण असंच कारण पाहिजे, अजून मिळालेलं नाही.

किमती लिहितो, कोणाला करायचं असेल तर. सप्लाय २४ व्होल्ट. पहिल्याचा कलेक्टर रेझिस्टन्स २२० के, एमिटर ५६० ओम. दुसऱ्याचा कलेक्टर १० के, एमिटर ६८० ओम आणि त्यावर ४७० मायक्रोफॅरड (शंभर लावला तर खालच्या पट्टीत गेन ढासळायला लागतो, इथं कंजुषी नको). दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसला ४७ के. तिसऱ्याचा एमिटर ४.७ के. इनपुटला ४.७ मायक्रोफॅरड, प्लस बेसकडं. फीडबॅकमध्ये डीसी अडवायला १० मायक्रोफॅरड, प्लस तिसऱ्याच्या एमिटरकडं. आउटपुटला पण १० मायक्रोफॅरड आणि पुढं १०० के ग्राउंडला, नाहीतर पिन लावताना धप्प होतं. दुसऱ्याच्या बेस-कलेक्टरमध्ये १०० पीएफ, उगाच वरती ऑसिलेट होऊ नये म्हणून.

कर्व्हचं नेटवर्क म्हणजे दोन आरसी पॅरलल जोड्या एकामागं एक. एकीत १० नॅनोफॅरड आणि ३१७ के, जो २७० के आणि ४७ के सिरीजमध्ये लावून मिळतो. दुसरीत २७ के आणि २.७८ नॅनो, म्हणजे २.७ नॅनोला ८२ पीएफ पॅरलल. गेन १ किलोहर्ट्झला ६२ पटीच्या आसपास येतो, ३६ डीबी. ५ मिलिव्होल्टचे ३१० होतात. रेझिस्टन्स १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, स्वस्त झालेत आता. कंडेन्सर जास्त आणून मीटरवर मोजून डाव्या-उजव्याची जोडी लावा, अगदी बरोब्बर किंमत मिळण्यापेक्षा दोन्ही चॅनल सारखे असणं कानाला जास्त कळतं. इथं डिस्क सिरॅमिक लावू नका, ८२ पीएफचा तेवढा चालेल.

जोडल्यावर मीटरनं बघायचं, दुसऱ्याचा एमिटर ०.६५ व्होल्टच्या आसपास, तिसऱ्याचा एमिटर १३ व्होल्टच्या आसपास. एवढं आलं तर सर्किट जिवंत आहे. तिसऱ्याचा एमिटर वर सप्लायला किंवा खाली ग्राउंडला चिकटलेला असेल तर पहिला संशय ट्रान्झिस्टरच्या पायांवर. बीसी५४९ सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली केले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ ला हेच उलटं, एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानदार "सेमच आहे, चालतंय" म्हणून दुसरं देतो तेव्हा हे लक्षात ठेवा. मी बीसी५४९सी वापरले, सी म्हणजे गेन ४२० ते ८००. बी ग्रुपचे पण चालतील, ओपन लूप गेन (फीडबॅक नसतानाचा) थोडा कमी होईल. मात्र ५४९ ला ३० व्होल्टची मर्यादा आहे, सप्लाय वाढवायचा असेल तर ५५० घ्या, तो ४५ चा.

२४ व्होल्टच का, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालत नाही का, हे विचारतीलच. चालतं, किमती बदलून. पण २४ वर आउटपुट साधारण ६ व्होल्ट आरएमएसपर्यंत स्वच्छ जातं, म्हणजे इनपुटला १०० मिलिव्होल्टच्या आसपास झेलता येतात, ५ च्या वीस पट. रेकॉर्डवरचा ओरखडा, धुळीचा कण, सुईखाली येतो तेव्हा एका क्षणासाठी मोठा फटका देतो. त्याला जागा असेल तर तो "टिक" करून जातो, जागा नसेल तर सर्किट डोकं आपटतं आणि तोच "टिक" लांबतो. ९ व्होल्टला ही जागा तिपटीनं कमी होते. जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्याला सप्लाय जास्त पाहिजे, नव्याकोऱ्या ऐकणाऱ्याला चालून जाईल.

या सर्किटची कमजोर बाजू पण सांगितली पाहिजे. ओपन लूप गेन माझ्या हिशोबानं ७५ डीबीच्या आसपास. २० हर्ट्झला आपल्याला त्यातले ५५ वापरायचेत, फीडबॅकला उरतात वीस. म्हणजे अगदी खालच्या बेसमध्ये कर्व्ह थोडा ढिला पडतो आणि डिस्टॉर्शन तिथं जास्त. ऑपअँपला हे होत नाही. मी जे ऐकतो त्यात २० हर्ट्झ नसतंच, तबल्याचा बायाँ पण त्याच्या बराच वर असतो, म्हणून मी सोडून दिलं. पाइप ऑर्गनच्या रेकॉर्ड असतील तर मित्राचा आयसी घ्या.

आता हम. सगळ्यांचं घोडं इथंच पेंड खातं. ५० हर्ट्झला हा कर्व्ह १७ डीबी वर असतो, म्हणजे मेन्सची गुणगुण सव्वाचारशे पटीहून जास्त मोठी होते. सर्किट कितीही चांगलं निवडा, ट्रान्सफॉर्मर बोर्डाशेजारी ठेवला की गेलं. मी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि ७८२४ (२४ व्होल्टचा रेग्युलेटर) वेगळ्या डब्यात ठेवले, तिथून फक्त डीसी येतो. पुढं प्रत्येक चॅनलला २२० ओम आणि १००० मायक्रोफॅरड, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या २२० केच्या आधी आणखी १० के आणि ४७ मायक्रोफॅरड, कारण सप्लायमधली घाण सगळ्यात आधी तिथूनच शिरते. ग्राउंड एका ठिकाणी, इनपुटच्या पिनपाशी डब्याला, दुसरीकडं कुठं नाही. डबा मात्र लोखंडी पाहिजे, ॲल्युमिनियमला मॅग्नेटिक हम अडत नाही. डब्यासाठी कोल्हापुरात बसून पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायची काही गरज नाही. उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडं कागदावर काढून दिलं, त्यानं पत्रा वाकवून, भोकं पाडून दिला, वर म्हणाला, "एवढ्याशा बारक्या डब्यात काय घालणार हाय?" ऑइल इंजिनं आणि कास्टिंग करणाऱ्यांच्या गल्लीत हा प्रश्न रास्तच आहे. उद्यमनगर जवळ असण्याचा तोटा पण आहे, दिवसा कुठंतरी वेल्डिंग चालू असलं की मेन्समधून चरचर येते. त्यासाठी प्रत्येक बेसच्या आधी नाही, फक्त पहिल्याच्या बेसला सिरीजमध्ये ४७० ओम आणि ग्राउंडला १०० पीएफ लावला, बराच फरक पडला. मोबाईल शेजारी ठेवला की येणारा टरटर आवाज पण यानंच कमी होतो, आणि वायर ढिली असताना मधेच सांगली आकाशवाणी ऐकू यायला लागली तरी इलाज हाच.

टोन कंट्रोल घातला नाही. बॅक्सांडलचं १९५२ चं सर्किट एका ट्रान्झिस्टरवर पण चालतं, आणि फार सुंदर आहे, पण त्याचं काम माझ्याकडं काही निघेना. कर्व्ह बरोबर बसला की बेस-ट्रेबल फिरवायची इच्छाच होत नाही. ज्याची खोली वाईट आहे, किंवा ज्याच्या घरात कोणालातरी बेस जास्तच लागतो, त्यानं घालावा.

एक गोष्ट मात्र बाकी आहे. माझ्याकडं काही ७८ आरपीएमचे तवे, म्हणजे जुन्या रेकॉर्ड, आहेत, त्यात केसरबाई केरकर पण आहेत. ज्या अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात ठेवलं त्यांच्या त्या शिष्या, आणि त्यांचंच एक ध्वनिमुद्रण १९७७ पासून व्हॉयेजर यानावर बसून ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलंय, तर इथं आपल्या गावात त्या नीट वाजल्याच पाहिजेत. पण ते तवे आरआयएएच्या आधीचे, तेव्हा कंपनीगणिक कर्व्ह वेगळा, वरची ट्रेबल बहुतेकांत चढवलेलीच नाही. या प्रीअँपवर ते गोधडीखालून आल्यासारखे वाजतात. सर्किट बदलायची गरज नाही. फीडबॅकमधल्या त्या २.७८ नॅनोची जोडी एका स्विचनं तोडून, तिच्या जागी नुसता रेझिस्टन्स ठेवला की ट्रेबल कापणं थांबतं, आणि १० नॅनोच्या जागी दुसरा कंडेन्सर आला की बेसचं वळण सरकतं. तीन पोझिशनचा रोटरी आणलाय, दोन पोलचा. सुई पण वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ चौपट जाड, ती अजून शोधतोय, कोणाकडं असेल तर कळवा.